संत मोनिका आणि न थकणारी प्रार्थना

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाची ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडत आहे, याचा आम्हांस मोठा आनंद वाटतो. मंदिराची उभारणी, होऊन गेलेले धर्मगुरू, शाळा व संस्था यांचे वृत्तांत अशा पुस्तिकेत यावयाचेच. परंतु ज्या एका गोष्टीच्या आधारावर हे सर्व उभे राहिले, तिची नोंद कोणत्याही वहीत सापडावयाची नाही. ती गोष्ट म्हणजे दिवेलागणीच्या वेळी घराघरांतून, हाती जपमाळ घेऊन, आपल्या आयांनी व आज्यांनी केलेली प्रार्थना होय. आमच्या या लेखाचा विषय तीच आहे.

धर्मगुरूच्या दारी येणाऱ्या दुःखांत एक दुःख आम्हांस फार जुने व फार परिचयाचे झाले आहे. आई येते आणि मुलाविषयी बोलू लागते. मुलगा शिकला, नोकरीस लागला, दूर गेला; परंतु मिस्सा सुटली, पापनिवेदन सुटले, घरातील प्रार्थनेच्या वेळी तो उठून बाहेर जातो. कोणाचा मुलगा व्यसनात पडला, कोणाचा भलत्याच संगतीस लागला. ती माउली वर्षानुवर्षे देवापाशी मागत असते, आणि अखेर आम्हांस विचारते की आणखी किती दिवस मागावे? आम्ही तीस प्रार्थना चालू ठेवण्यास सांगतो. हे उत्तर खरे आहे. परंतु पुष्कळदा ते आम्ही घाईने देतो, हे आमचे मन आम्हांस सांगते. म्हणून ज्या एका मातेने हाच प्रश्न आयुष्यभर वागविला, तिचे चरित्र आज आम्ही थोड्या विस्ताराने सांगणार आहो. ती माता म्हणजे संत मोनिका.

मोनिका मातेविषयी जे आपणांस ठाऊक आहे, ते बहुतेक सर्व तिच्या मुलाच्या लेखणीतून आलेले आहे. तो मुलगा म्हणजे ख्रिस्तसभेचे थोर आचार्य संत ऑगस्टीन. बिशप झाल्यावर, सुमारे ३९७ सालापासून पुढील तीन-चार वर्षांत, त्यांनी ‘कन्फेशन्स’ नावाचा आत्मनिवेदनाचा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची पापे लपविली नाहीत, व आईचे दोषही झाकले नाहीत. त्यामुळे हे चरित्र केवळ स्तुतीचे न राहता विश्वासार्ह झाले आहे.

मोनिकेचा जन्म इ. स. ३३१ किंवा ३३२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत थागास्त या गावी झाला. आज अल्जीरिया देशात सूक अहरास नावाचे जे शहर आहे, तेथेच हे गाव होते. त्या काळी हा मुलूख रोमन साम्राज्यात मोडत असे. तिचे आईबाप ख्रिस्ती होते, व घरातील एका वृद्ध दासीने तीस कडक शिस्तीत वाढविले. तरीही लहानपणी तिला एक वाईट खोड जडली. पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम तिजकडे असे. प्रथम ती नुसते ओठ लावी, मग घोट घेऊ लागली, आणि हळूहळू पेलेच्या पेले रिचवू लागली. एके दिवशी भांडणाच्या भरात एका मोलकरणीने तीस दारुडी म्हणून हिणविले. तो शब्द तिच्या जिव्हारी लागला व त्याच क्षणी तिने ती सवय टाकली. देव शत्रूच्या तोंडूनही आपले काम करून घेतो, हे तिच्या मुलाने पुढे या प्रसंगावरून दाखविले आहे.

वयात आल्यावर तिचे लग्न पॅट्रिशियस नावाच्या गृहस्थाशी झाले. तो गावच्या कारभारी मंडळींपैकी होता. धर्माने ख्रिस्ती नव्हता, स्वभावाने प्रेमळ परंतु अतिशय तापट होता, आणि पत्नीशी एकनिष्ठही नव्हता. घरात सासू होती, आणि चाकरांच्या चहाड्यांमुळे तिचेही मन सुनेविषयी कलुषित झाले होते. मोनिकेने भांडण केले नाही. पती रागात असता ती उलट बोलत नसे. राग ओसरल्यावर शांतपणे आपले म्हणणे सांगे. त्याने तिजवर कधी हात टाकला नाही, याचे शेजारणींस नवल वाटे, कारण त्यांच्या अंगावर मारहाणीचे वळ असत. काही काळाने सासू तिच्या बाजूची झाली. पॅट्रिशियस मात्र पुष्कळ वर्षांनी वळला. सुमारे ३७० साली तो बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांत सामील झाला, बाप्तिस्मा घेतला, व थोड्याच काळात मरण पावला. मोनिकेच्या प्रार्थनेची ही पहिली दीर्घ परीक्षा होती. तीत तिला यश आले ते वादविवादाने नव्हे, तर सहनशीलतेने व मागत राहण्याने.

त्या दांपत्यास ऑगस्टीन, नाविजियस व एक कन्या अशी मुले होती. ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी झाला. मोनिकेने त्यास बाळपणीच क्रुसाची खूण करवून ख्रिस्ताचे नाव शिकविले. परंतु बाप्तिस्मा दिला नाही. तारुण्यातील पापे होऊन गेल्यावर बाप्तिस्मा घ्यावा, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. तो मुलगा बालपणी एकदा अत्यवस्थ झाला, बाप्तिस्म्याची तयारीही झाली, परंतु बरे वाटताच तो पुढे ढकलला गेला. मुलगा सोळा वर्षांचा होऊन वाहवत चालला तेव्हा आईने त्यास एकांतात इशारा दिला. परंतु त्याचे लग्न मात्र करून दिले नाही, कारण संसारात पडला तर शिक्षण बुडेल, अशी तिला भीती वाटली. विद्येने तो देवाकडेच वळेल, अशीही तिची आशा होती. मुलगा मोठा व्हावा, नाव काढावे, ही इच्छा त्या संत मातेसही सुटली नव्हती.

मुलगा कार्थेज नगरात शिकावयास गेला. बापाने ऐपतीबाहेर पैसा जमविला होता, व रोमानियानस नावाच्या गावातील धनिकाने हातभार लावला. ऑगस्टीनची बुद्धी तल्लख होती, तो वक्तृत्वशास्त्रात सर्वांच्या पुढे गेला. परंतु तेथेच त्याने लग्नावाचून एका स्त्रीशी घर मांडले, आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास तो बाप झाला. मुलाचे नाव अदेओदातुस, म्हणजे आपल्या भाषेत देवदत्त, असे ठेविले. नंतर एकोणिसाव्या वर्षी तो मानीपंथात शिरला. हा पंथ इराणातील मानी नामक पुरुषाने तिसऱ्या शतकात काढला होता. चांगले व वाईट अशी दोन तत्त्वे अनादी कालापासून झगडत आहेत, आणि मनुष्याचे पाप हे त्या वाईट तत्त्वाचे कृत्य आहे, अशी या पंथाची शिकवण असे. पाप करूनही त्याची जबाबदारी आपणांवर येत नाही, हे तरुण मनास सोयीचे वाटले यात नवल नाही. सुमारे नऊ वर्षे तो त्या पंथात राहिला व आपल्या मित्रांनाही त्याने त्यात ओढले.

मोनिका आता विधवा होती. मुलगा शिक्षक होऊन थागास्तला परतला तेव्हा तिने त्याच्यासह एका घरात राहावयाचे व एका पंक्तीस बसावयाचे नाकारले. परंतु तेवढ्यात तिला एक स्वप्न पडले. एका लाकडी पट्टीवर आपण दुःखाने उभ्या आहो, एक तेजस्वी तरुण येऊन रडण्याचे कारण विचारतो, आणि तू जेथे आहेस तेथेच तोही आहे असे सांगतो. वळून पाहते तो त्याच पट्टीवर शेजारी ऑगस्टीन उभा! हे तिने मुलास सांगितले. त्याने चतुराईने अर्थ लाविला की, आईच एके दिवशी आपल्या पंथात येईल. क्षणाचाही विलंब न लावता तिने उत्तर दिले की, त्याच्या ठिकाणी मी असेन असे मला सांगितलेले नाही, माझ्या ठिकाणी तो असेल असे सांगितले आहे. पुढे ऑगस्टीनने कबूल केले आहे की, स्वप्नापेक्षाही आईच्या या जागरूक उत्तराने आपण अधिक हललो. तिने त्यास पुन्हा घरात घेतले. स्वप्न पडले म्हणून तिने रडणे अथवा मागणे थांबविले नाही. उलट जास्त भरवशाने ती मागू लागली. आणि त्या स्वप्नानंतरही जवळजवळ नऊ वर्षे काहीच घडले नाही.

याच काळातील एक प्रसंग आम्हां धर्मगुरूंनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मोनिका एका बिशपांकडे गेली व आपल्या मुलाशी बोलून त्याची समजूत घालावी अशी विनंती केली. ते बिशप स्वतः बाळपणी मानीपंथीयांत वाढलेले असून त्यांचे ग्रंथ त्यांनी वाचून हातांनी उतरून काढले होते. ते जाणते असल्यामुळेच नाही म्हणाले. मुलगा अजून नव्या मताच्या घमेंडीत आहे, ऐकून घेणार नाही, त्यास राहू द्या, वाचता वाचता त्याची चूक त्यालाच कळेल, तुम्ही फक्त देवाची प्रार्थना करा, असे त्यांनी सांगितले. परंतु माउलीचे समाधान होईना. ती अधिकच रडू लागली व तोच आग्रह धरून बसली. तेव्हा काहीसे वैतागूनच त्यांनी तीस घरी जावयास सांगितले, आणि ज्या मुलासाठी एवढी आसवे गळतात त्याचा नाश होणे शक्य नाही, असे ते सहज बोलून गेले. मोनिकेने ते उद्गार जणू स्वर्गातून आले असे मानून घेतले. आमच्यासारख्यांनी येथे नम्र व्हावे. चांगला, विद्वान बिशपही त्या आईच्या अश्रूंना कंटाळला. देव मात्र कंटाळला नाही.

आता आम्ही या चरित्रातील सर्वांत कठीण रात्रीकडे येतो. इ. स. ३८३ साली ऑगस्टीनने रोमला जाण्याचे ठरविले. कार्थेज येथे विद्यार्थी दांडगाई करीत. रोममध्ये शिस्त बरी, मान अधिक, असे त्यास सांगण्यात आले होते. आईला हे समजताच ती समुद्रकिनाऱ्यापर्यंत त्याच्यामागे गेली. एक तर त्याने परत फिरावे, नाही तर आपणांसही बरोबर न्यावे, असा तिचा हट्ट होता. मुलाने थाप मारली. एका मित्रास निरोप द्यावयाचा आहे, वारा अनुकूल होईपर्यंत त्याजपाशी थांबतो, असे सांगून त्याने आईची समजूत घातली. बंदराजवळ हुतात्मा संत सिप्रियन यांच्या नावाचे एक स्मारकमंदिर होते. तेथे ती रात्र काढण्यास ती कशीबशी कबूल झाली. रात्रभर तिने रडून एकच मागणे मागितले की, देवा, याला जाऊ देऊ नकोस. पहाटेच्या सुमारास वारा सुटला, शिडे भरली, आणि किनारा दृष्टीआड झाला. सकाळी ती बंदरावर आली तेव्हा गलबत निघून गेले होते. दुःखाने तिचे भान हरपले, व देवाने आपले ऐकले नाही म्हणून तिने आक्रोश केला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. या पृथ्वीतलावर ज्या आईचे मागणे देवाने नक्की ऐकावयास हवे होते, ती हीच. आणि तिचे मागणेही वाईट नव्हते. मुलगा आपल्याजवळ असावा, एवढेच ती मागत होती. परंतु मुलगा तिजजवळ राहिला असता, तर मिलान नगरास गेला नसता. मिलानला गेला नसता, तर संत अँब्रोज यांचे प्रवचन त्याच्या कानी पडले नसते. ती नेहमी जे मागत आली होती ते देता यावे, म्हणून देवाने त्या रात्री तिने मागितलेले दिले नाही. असा या रात्रीचा अर्थ संत ऑगस्टीन यांनीच पुढे लाविला आहे. आम्हांस वाटते की, प्रार्थनेच्या चिकाटीविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्याचे मर्म या एका बंदरावर सापडते. चिकाटी म्हणजे देवाचे मन आपल्या हट्टापुढे वाकविणे नव्हे. मागत राहता राहता आपल्या मागण्यातले कोणते खरे व कोणते केवळ आपल्या सोयीचे, हे देवाकडून निवडून घेणे, म्हणजे चिकाटी.

त्या आक्रोशानंतर मोनिका घरी परतली, आणि पुन्हा प्रार्थनेस लागली. ती दररोज सकाळी व सायंकाळी मंदिरात जात असे. गप्पागोष्टींसाठी नव्हे, तर देवाचे शब्द ऐकण्यासाठी व आपली विनंती त्यास ऐकविण्यासाठी. इकडे रोममध्ये ऑगस्टीनला जीवघेणा ताप आला. त्याने बाप्तिस्मा मागितला नाही, आणि आईला या आजाराची वार्ताही नव्हती. तरी ती मागतच होती, व तो वाचला. ज्या संकटाची आपणांस खबरही नसते, त्या संकटातही आपली प्रार्थना पोहोचते, ही केवढी समाधानाची गोष्ट आहे!

सन ३८४ मध्ये ऑगस्टीनची मिलान येथे वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढील वर्षी मोनिका समुद्र ओलांडून त्याच्याकडे आली. वाटेत वादळ झाले, तेव्हा खलाशीच घाबरले व या प्रवासी बाईनेच त्यांना धीर दिला. मुलाने तीस सांगितले की, आपण आता मानीपंथी राहिलो नाही, परंतु कॅथोलिकही झालो नाही. ही बातमी ऐकून ती आनंदाने उड्या मारू लागली नाही. मरण्यापूर्वी तुला श्रद्धावंत कॅथोलिक झालेला पाहीन असा माझा ख्रिस्तावर भरवसा आहे, एवढेच ती शांतपणे म्हणाली. अर्धे मिळाले तरी अर्ध्यावर थांबावयाचे नाही, हे तिला ठाऊक होते.

मिलानमध्ये तिलाही शिकावे लागले. आफ्रिकेतील चालीप्रमाणे ती हुतात्म्यांच्या कबरींवर अन्न व द्राक्षारस घेऊन जात असे. बिशप अँब्रोज यांनी ही चाल बंद केली आहे असे द्वारपालाने सांगताच तिने ती निमूटपणे सोडली, व टोपलीऐवजी भक्तीने भरलेले अंतःकरण घेऊन ती जाऊ लागली. आपल्या गावी शनिवारचा उपवास असे, मिलानमध्ये नसे. तेव्हा काय करावे हेही तिने अँब्रोज यांस विचारविले, व ज्या गावी असाल त्या गावच्या ख्रिस्तसभेची रीत पाळावी हा त्यांचा सल्ला मानला. सन ३८६ मध्ये सम्राटाची आई जस्टिना हिने एरियन पाखंड्यांसाठी मंदिराची मागणी केली असता लोक आपल्या बिशपांसह मंदिरात रात्रंदिवस पहारा करीत राहिले. त्या जागरणात मोनिका पुढे होती. स्वतःच्या मुलासाठी रडणारी ही स्त्री सर्व ख्रिस्तसभेच्या दुःखातही अशी जागली. जी प्रार्थना केवळ आपल्या घरापुरती राहते, ती लवकर थकते.

तरीही तिची एक मोठी चूक आम्ही येथे लपवीत नाही. मुलाचे प्रतिष्ठित घराण्यात लग्न व्हावे म्हणून तिने खटपट केली. एक मुलगी ठरविण्यात आली, जिला विवाहाच्या वयास येण्यास अद्याप दोन वर्षे होती. ज्या स्त्रीशी ऑगस्टीनने पुष्कळ वर्षे संसार केला होता, तिला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. मुलास मागे ठेवून, पुन्हा अन्य पुरुषाचा संग न करण्याची देवापाशी शपथ घेऊन, ती निघून गेली. तिचे नावदेखील इतिहासाला ठाऊक नाही, परंतु तिच्या दुःखाची आठवण आपण ठेविली पाहिजे. या लग्नाविषयी देवाने काही खूण दाखवावी, अशी मोनिका प्रार्थना करीत असे. परंतु तिला काही लाभले नाही. जी स्वप्ने पडली ती तिच्या स्वतःच्याच मनाची होती, व हे तिने प्रामाणिकपणे ओळखले. देवाचे बोलणे व आपल्या मनाचे बोलणे यांतील चव वेगळी असते, असे ती म्हणे. या मागण्यावर देव गप्प राहिला.

कारण त्याच्या मनात वेगळे होते. सन ३८६ च्या ऑगस्ट महिन्यात, मिलान येथील घरामागच्या बागेत, ऑगस्टीन आपल्या दुबळ्या इच्छेशी झगडत एका अंजिराच्या झाडाखाली रडत पडला असता, शेजारच्या घरातून एका बालकाचा गाण्यासारखा स्वर त्याच्या कानी आला. घे आणि वाच, असे तो स्वर सांगत होता. त्याने संत पौलाच्या पत्रांचा ग्रंथ उघडला, रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील एक वचन दृष्टीस पडले, आणि त्याच्या अंतःकरणातील अंधार ओसरला. तो उठून प्रथम कोठे गेला? तो आपला मित्र अलिपियस याजसह आत जाऊन आईस भेटला. तिच्या आनंदास सीमा राहिली नाही. तिने मागितले होते की मुलगा ख्रिस्ती व्हावा, चांगले लग्न व्हावे, नातवंडे व्हावीत. देवाने नातवंडांची आशा मागे ठेविली, आणि तिला त्याहून मोठे असे काही दिले. तिचा मुलगा विवाहाचा व मानमरातबाचा मोह सोडून सर्वस्वी देवाचा झाला.

त्या शरद ऋतूत ऑगस्टीन, त्याचा मुलगा, भाऊ व मित्र असे सर्व कासिसियाकम येथील एका मित्राच्या शेतावरील घरी राहिले. मोनिकेने त्या सर्वांचे घर सांभाळले, आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाच्या चर्चेतही भाग घेतला. ऑगस्टीनने आपल्या बत्तिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास झालेल्या चर्चेचा जो ग्रंथ केला, त्यात आईची उत्तरे आदराने नोंदविली आहेत. मग ३८७ साली, २४ एप्रिलच्या रात्री, पुनरुत्थानाच्या जागरणात, संत अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन, देवदत्त व अलिपियस या तिघांनी बाप्तिस्मा घेतला. मुलगा एकोणिसाव्या वर्षी मानीपंथात शिरला, आणि बत्तिसाव्या वर्षी आईच्या पट्टीवर येऊन उभा राहिला. मधली सर्व वर्षे मोनिका मागत होती.

आफ्रिकेस परतण्यासाठी सर्वजण रोमच्या ओस्तिया बंदरात येऊन थांबले. तेथे एके दिवशी आई व मुलगा बागेकडील खिडकीशी उभे राहून सार्वकालिक जीवनाविषयी बोलू लागले, आणि बोलता बोलता क्षणभर त्यांची मने या जगापलीकडे गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोनिकेस ताप आला. आपल्याला या जगात आता काही करावयाचे उरले नाही, असे तिचे म्हणणे होते. नाविजियसला वाटे की तिने परदेशात न मरता मायदेशी मरावे. पतीच्या शेजारी पुरले जावे म्हणून तिने स्वतःच पूर्वी जागा तयार करून ठेविली होती. परंतु आता ती इच्छाही तिने सोडून दिली. माझा देह कोठेही ठेवा, त्याची काळजी करू नका, फक्त जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तिने प्राण सोडला. ऑगस्टीन तेव्हा ३३ व्या वर्षात होता. लोकांदेखत त्याने अश्रू आवरले. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे, एकांतात, जी आई आपल्यासाठी वर्षानुवर्षे रडली तिच्यासाठी तो थोडा वेळ रडला, आणि या रडण्याचा कोणी दोष काढू नये असे त्याने लिहून ठेविले.

पुढे संत ऑगस्टीन धर्मगुरू झाले, हिप्पोचे बिशप झाले, व २८ ऑगस्ट ४३० रोजी निवर्तले. ४१२ सालाच्या सुमारास प्रोबा नावाच्या एका विधवेने प्रार्थना कशी करावी असे विचारले असता त्यांनी जे पत्र लिहिले, त्यात आम्हांस मोनिका मातेचेच चरित्र उमटलेले दिसते. आपली गरज देवाला ठाऊक असते. तरी तो मागावयास लावतो, कारण मागण्याने आपली इच्छा वाढते व तो जे देणार ते घेण्यास आपण समर्थ होतो, असा त्याचा आशय आहे. थोडक्या, पण वारंवार केलेल्या प्रार्थनेचेही त्यांनी तेथे कौतुक केले आहे. शेतात, स्वयंपाकघरात व रेल्वेगाडीत असणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट धीर देणारी आहे.

मोनिकेचे पवित्र अवशेष ओस्तिया येथून १४३० साली रोमला आणले गेले, व आज ते तेथील संत ऑगस्टीनच्या मंदिरात आहेत. १९४५ साली ओस्तिया येथे, मंदिराशेजारच्या अंगणात खेळण्यासाठी खांब रोवावयास खड्डा खणीत असता, मुलांना एक फुटका शिलाखंड सापडला. तो तिच्या जुन्या कबरलेखाचा तुकडा निघाला. आपल्या बाजूस जुन्या गोव्यात तिच्या नावाने आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १६०६ साली योगिनींचा मठ स्थापिला. त्याची भव्य इमारत आजही उभी आहे. तिचा सण पूर्वी ४ मे रोजी होत असे. १९६९ पासून तो २७ ऑगस्ट रोजी, मुलाच्या सणाच्या आदल्या दिवशी, पाळला जातो. आई एक दिवस आधी येऊन वाट पाहते, अशीच जणू ही व्यवस्था आहे.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. किती दिवस मागावे? कोणत्याही आईला आम्ही वर्षांचा आकडा सांगू शकत नाही, आणि डोळे मिटण्यापूर्वी मुलगा परत आलेला दिसेलच असे वचनही देऊ शकत नाही. असे सांगणारा धर्मगुरू लोकांना फसवितो. कित्येक आया वाट पाहता पाहता गेल्या, हे आपल्या स्मशानभूमीतील क्रूस सांगतात. परंतु मोनिकेची शेवटची विनंती आठवा. तिचे मागणे संपले तेव्हा मुलाचे मागणे सुरू झाले. आपल्या ग्रंथात ऑगस्टीन यांनी वाचणाऱ्या प्रत्येकास विनविले आहे की, वेदीपाशी मोनिका व पॅट्रिशियस यांची आठवण करावी. जिने एका मुलासाठी मागितले, तिच्यासाठी आज सोळा शतके असंख्य लोक मागत आले आहेत. आईची प्रार्थना तिच्या मरणाने तुटत नाही. दुसरे कोणी तो धागा हाती घेते. प्रभू येशूने अन्यायी न्यायाधीशापुढे न थकणाऱ्या विधवेचा दाखला दिला, तो याचसाठी.

म्हणून ज्युबिलीच्या या वर्षी आमची दोन लहान मागणी आहेत. ज्या घरात सायंकाळची प्रार्थना बंद पडली असेल, त्या घराने ती पुन्हा सुरू करावी. पाच मिनिटांची असली तरी चालेल. आणि ज्या आया आपल्या लेकरांसाठी मागता मागता या मंदिराच्या आवारात चिरनिद्रा घेत आहेत, त्यांची आठवण प्रत्येकाने मिस्सेच्या वेळी वेदीपाशी करावी. कदाचित आज या मंदिरात गुडघे टेकणारे आपण, त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी आसवांचे फळ असू. संत मोनिका माता आपल्या धर्मग्रामातील सर्व मातांसाठी व त्यांच्या दूर गेलेल्या लेकरांसाठी प्रभूपाशी विनंती करो. आमेन.